खर्जाचे मानकरी

कोणत्याही रॉक बँडचे जुने छायाचित्र काढून पाहावे. मधोमध गायक उभा असतो, आणि कॅमेरा आपल्यासाठीच आणला आहे अशी त्याची खात्री असते. त्याच्या शेजारी गिटारवाला. मागे ड्रमच्या पसाऱ्यात बसलेला गृहस्थ निदान त्या पसाऱ्यामुळे तरी नजरेत भरतो. आणि मग एका कडेला, अर्धा अंधारात, आणखी एक माणूस असतो. त्याच्याही हातात गिटारच असते, पण तिची मान लांब आणि तारा बहुधा चारच. हा बेस वाजवणारा. त्याचे नाव विचारले, तर त्या बँडचे भक्तसुद्धा क्षणभर अडखळतात.

मी शाळामास्तर. पहिल्या बाकावरच्या मुलांची नावे आठ दिवसांत पाठ होतात आणि मागच्या बाकावरच्यांना दिवाळीपर्यंत वाट पाहावी लागते, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव. त्यामुळेच की काय, पण इतिहास वाचतानाही माझे लक्ष कडेच्या माणसाकडे जाते. यंदा या बेसवाल्याची आणि मुंबई-गोव्याकडच्या त्याच्या भाऊबंदांची हकीकत वाचकांना सांगावी, असे मनात आहे.

आधी त्याचे काम काय ते पाहू. भाईंदर पूर्वेला आमचे नवघर. लग्नसराईत हळदीच्या रात्री इथे बेंजो वाजतो. मांडवाशी उभे राहिले तर गाण्याचे शब्द कळतात, बेंजोची तार कानात शिरते. तेच चार गल्ल्या ओलांडून घरात खिडकी लावून बसले की शब्द जातात, तार जाते. उरते ती नुसती धमधम. याला साधे शास्त्रीय कारण आहे. उंच स्वरांच्या लहरी आखूड. त्या भिंतीवर आपटून परत फिरतात किंवा वाटेतच विरतात. खालच्या स्वरांच्या लहरी लांब. डबल बेस नावाचे जे माणसापेक्षा उंच तंतुवाद्य असते, त्याच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. त्याची एक लहर हवेत आठ मीटरांहून लांब भरते. ती इमारतीला वळसा घालते, भिंतीतून पाझरते. जवळून गाणे ऐकू येते, लांबून खर्ज.

आपल्याकडे खर्जाचे महत्त्व कोणाला शिकवायला नको. भजनाला बसण्यापूर्वी पखवाजी डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापतो, तेव्हा कुठे धुमेतून तो भरलेला, घुमणारा नाद निघतो. भजन रंगले म्हणजे लोक बुवांचे कौतुक करतात. कणीक छान मळली होती असे कोणी म्हणत नाही. पण ती वाळून गळाली, तर शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळते की काहीतरी बिघडले.

मात्र बेसचे काम एवढ्यावर संपत नाही. आपल्या संगीतात तंबोऱ्याचा षड्ज जागचा हलत नाही. पाश्चात्त्य पद्धतीत खालचा स्वर चालतो. गायक वर षड्जावर ठाम उभा आहे असे समजा. खाली बेसनेही षड्जच धरला असेल तर सारे प्रसन्न वाटते. आता गायकाने काही न बदलता बेस जर खालच्या धैवतावर सरकला, तर तोच वरचा षड्ज एकाएकी उदास वाटू लागतो. श्रोत्याला वाटते, काय गायला! प्रत्यक्षात पायाखालची जमीन कोणी दुसऱ्यानेच हलवलेली असते.

ही विद्या आपल्या किनाऱ्यावर आली ती गोव्याच्या चर्चमधून. पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चना जोडून शाळा असत. तिथे मेस्त्री मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. हेतू एवढाच, की रविवारच्या प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे मिळावेत. पण शेतीवाडी तुटपुंजी आणि घरात खाणारी तोंडे फार. तेव्हा ही मुले मोठी झाली की पाच रेषांवरचे संगीत वाचण्याचे कसब गाठीला बांधून मुंबईची वाट धरत. धोबीतलावाच्या आसपास गावागावांच्या 'कुडी' होत्या. एका खोलीत भिंतीला लावलेल्या ट्रंका, संध्याकाळी एकत्र जपमाळ, आणि रात्री ज्याला काम मिळाले असेल तो काळा कोट चढवून बाहेर. कोकणातल्या गिरणी कामगारांच्या गाळ्यांचीच ही ख्रिस्ती बहीण म्हणावी.

काम असे ते हॉटेलांत, क्लबांत, आणि मूकपटांच्या काळात चित्रपटगृहांत. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आले, तेव्हा मुंबईच्या वादकांनी अस्सल जॅझ जवळून ऐकला. पुढे त्याच ताजमध्ये कराचीत वाढलेले मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून जवळजवळ दोन दशके वाजत राहिला. दोन दशके म्हणजे किती, याचा विचार करावा. महायुद्ध सुरू होऊन संपले, नाविकांचे बंड झाले, देश स्वतंत्र झाला, साहेब गेले, संस्थानिक गेले. आणि रोज रात्री तेच लोक तीच खुर्ची ओढून बसत होते. ऐकणारे बदलले, वाजवणारे तेच.

पुढे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि हॉटेलांच्या रात्री लवकर मावळू लागल्या. गोव्याच्या वादकांना आधार मिळाला तो हिंदी चित्रपटांचा. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच प्रसिद्ध 'चिक चॉकलेट', हे आपले ट्रंपेट घेऊन सी. रामचंद्रांकडे गेले. १९५१ च्या 'अलबेला'त ते आणि त्यांचे वादक पडद्यावरही दिसतात. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अशा मंडळींनी वाद्यरचना करायच्या, पाने लिहायची, आणि पन्नास-साठ वादकांनी ती समोर ठेवून एका दमात वाजवायची. त्या काळी सारे एकदमच ध्वनिमुद्रित होई. व्हायोलिनच्या तिसऱ्या रांगेत कोणाचा गज घसरला तरी गायिकेपासून सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या गर्दीत डबल बेसवाला मागे उभा. त्याचे वाद्यच एवढे मोठे की त्याला पुढे बसवणे शक्य नव्हते.

आणि श्रेयनामावलीत? तिथे संगीतकार, गीतकार, गायक. फार झाले तर साहाय्यक. उरलेल्यांना शिफ्टचे पैसे मिळत आणि ते आपापल्या लोकलने घरी जात. आपल्या संगीत रंगभूमीवर असे नव्हते. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली. तिच्यात अहमदजान थिरकवाँ तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला बसत, आणि त्यांचा ठेका, त्यांची सारंगी ऐकायला म्हणून येणारे रसिक होते. मंडळी या शब्दातच सर्वांची पंगत होती. स्टुडिओत पंगत मोठी झाली, पण वाढप्याला पाहुण्यांची नावे माहीत नव्हती. राहुलदेव बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांत तुम्ही-आम्ही ज्या चालीवर मान हलवतो, तिच्याखालचा बेस टोनी वाझ यांच्या बोटांतला आहे. गाणे ऐकताना बर्मन आठवतात, आशाबाई आठवतात. वाझ यांचे नाव आता कुठे ओठांवर येऊ लागले आहे.

दरम्यान सातासमुद्रापलीकडे एक गोष्ट घडली होती. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर या रेडिओ-दुरुस्तीवाल्याने १९५१ मध्ये विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. माणसाएवढे वाद्य खांद्याला अडकवण्याजोगे झाले. त्यातून रॉक बँडचा चौथा खांब उभा राहिला.

या खांबांपैकी बिल वायमन यांची कथा मोठी मौजेची आहे. १९६२ च्या डिसेंबरात ते लंडनच्या 'रोलिंग स्टोन्स'मध्ये आले. तेव्हा त्यांचे वय २६. लग्न झालेले, पदरी मूल, हवाई दलातली सक्तीची नोकरी करून आलेले. बाकीचे पोरसवदा. त्यांना आत घेण्याचे एक कारण असे सांगतात की, त्यांच्याजवळ चांगला ध्वनिवर्धक होता! स्वस्तातली एक गिटार घेऊन तिच्या मानेवरच्या पट्ट्या त्यांनी स्वतःच उपटून काढल्या होत्या आणि तीवर ते वाजवत. पुढे ३० वर्षे हा माणूस स्टेजच्या कडेला जवळजवळ न हलता उभा राहिला. पण एक काम त्याने केले: तो रोजनिशी लिहीत राहिला. तिकिटे, पत्रके, हिशेबाचे कागद, सारे त्याने जपून ठेवले. जगातल्या सर्वांत गाजलेल्या बँडांपैकी एकाचा इतिहास लिहायची वेळ आली, तेव्हा पुढे नाचणाऱ्यांना तारखा आठवत नव्हत्या. मागे उभ्या असलेल्याच्या वहीत त्या होत्या. कीर्तनकाराचे अभंग जसे टाळकऱ्याच्या बाडात सापडतात, तसलाच हा प्रकार.

दीर्घकाळ बँडमध्ये राहणे म्हणजे काय, हे त्याच बँडचे ड्रमवादक चार्ली वॉट्स यांनी एकदा सांगून टाकले होते: पंचवीस वर्षांपैकी पाच वर्षे वाजवण्यात गेली आणि वीस ताटकळण्यात. आपल्याकडच्या तमाशाच्या फडातला ढोलकीवाला याहून वेगळे काय सांगेल? गाडी येईपर्यंत थांबा, मांडव होईपर्यंत थांबा, नायिकेचा घसा सुटेपर्यंत थांबा. नाटकवेडी माणसे वाजवण्यासाठी मंडळीत शिरतात. टिकतात मात्र ती, ज्यांना थांबता येते. बेसच्या वादनातही हेच कसब आहे. कोठे स्वर लावायचा नाही हे ज्याला कळते, तोच चांगला.

वायमन १९९३ मध्ये बाहेर पडले. त्यांच्या जागी शिकागोचे डॅरिल जोन्स आले. तेही आता ३० वर्षांहून अधिक काळ वाजवत आहेत. २००३ च्या एप्रिलमध्ये हा बँड मुंबईला ब्रेबॉर्न स्टेडियमवर आला, तेव्हाही बेसवर तेच होते. पण एवढ्या वर्षांत त्यांना बँडचे अधिकृत सभासद करून घेतलेले नाही. ते मेहनताना घेऊन वाजवणारे. तीस वर्षे एकाच घरात स्वयंपाक करणाऱ्या मावशींना घरातले सगळे 'आमच्यातल्याच' म्हणतात, पण रेशनकार्डावर त्यांचे नाव नसते, त्यातलीच ही गत.

दुसरी कथा आपल्या पाचगणीला सुरू होते. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत झांजिबारहून आलेला फारोख बलसारा नावाचा पारशी मुलगा वसतिगृहात राहत होता. १९५८ च्या सुमारास त्याने आणि चार मित्रांनी 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. फारोख पियानोवर. बेस वाजवायला फरंग इराणी, पण बेस होता कुठे? तेव्हा चहाचे रिकामे लाकडी खोके उपडे घातले, त्याला काठी उभी केली, काठीच्या टोकापासून खोक्यापर्यंत एक तार ताणली. झाला बेस! सह्याद्रीच्या माथ्यावर, चहाच्या पेटीवर रॉकचा खर्ज घुमला. इराणी पुढे पुण्यात 'बाउंटी सिझलर्स' हे उपाहारगृह चालवून नावाजले. फारोख लंडनला गेला आणि फ्रेडी मर्क्युरी झाला.

त्याच्या 'क्वीन' या बँडला १९७० मध्ये सुरुवात झाली, पण मनाजोगता बेसवाला मिळेना. तीन जण येऊन गेले. १९७१ मध्ये जॉन डीकन नावाचा विशीही न गाठलेला, अबोल विद्यार्थी आला. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. फेकून दिलेल्या यंत्राच्या सुट्या भागांतून त्याने बनवलेला छोटा ध्वनिवर्धक पुढे बँडच्या ध्वनिमुद्रणांत वापरला गेला. क्वीनचे १९८० मधले अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेले एक गाणे या अबोल माणसाने रचले, आणि ते ज्यावर उभे आहे ती बेसची चालही त्याचीच. १९९१ मध्ये मर्क्युरी वारला. उरलेल्या दोघांनी नवे गायक घेऊन बँडचे नाव चालू ठेवले. डीकन १९९७ नंतर रंगमंचावर परत आले नाहीत. गाणारा गेल्यावर त्याच्या पायाखाली कोणासाठी जमीन धरायची, असे त्यांना वाटले असेल का? त्यांच्या मौनाचा आपण अर्थ लावू नये. पण बरीच वर्षे एका तबलजीच्या साथीने गायलेल्या गवयाच्या मागे त्या तबलजीचे काय होते, हे आपल्या घराण्यांतून पुष्कळांनी पाहिलेले आहे.

मुंबईतही रॉकचे स्वतःचे घराणे उभे राहिले. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' हा बँड निघाला. त्यात गिटारवर महेश टिनईकर, गायला उदय बेनेगल, आणि बेसवर मार्क सेल्विन. १९८८ मध्ये त्यांनी स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांचा संग्रह काढला. परक्यांची गाणी हुबेहूब वाजवली की टाळ्या मिळण्याच्या काळात हे धाडस होते. महापालिका मार्गावरच्या रंगभवनात त्या वेळी तरुणांची झुंबड उडे. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले, १९९७ मध्ये बँड फुटला, आणि २०१० मध्ये पुन्हा जुळला. या खेपेस बेसवर रशद मिस्त्री होते. ज्या रंगभवनात हे सारे वाढले, तिथे आसपासच्या रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्राचे नियम लागू होऊन मैफली थांबल्या. बँडचे आयुष्य असे जागेच्याही हाती असते.

आता या हकीकतीतला विचित्र भाग. १९८१ मध्ये जपानच्या रोलंड कंपनीने एक चंदेरी पेटी काढली: टीबी-३०३. बटणे दाबून स्वर भरून ठेवायचे, की पेटी आपोआप बेस वाजवणार. बेसवाल्याला रजा देण्यासाठीच तिचा जन्म. पण तिचा आवाज खऱ्या बेससारखा मुळीच नव्हता, ती खपली नाही, आणि १९८४ मध्ये कंपनीने ती बंद केली. मात्र त्याआधी मुंबईतल्या एका वादकाने ती विकत घेतली होती. त्यांचे नाव चरणजित सिंग; चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि बेस गिटार वाजवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी १९८२ मध्ये त्या पेटीवर आणि तिच्या भावंडांवर दहा राग वाजवून तबकडी काढली. ती कोणी फारशी विचारली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच टाकाऊ पेटीतून नाचाच्या संगीताचा नवा पंथ काढला आणि तो जगभर गेला. २०१० मध्ये चरणजित यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातले जाणकार चकित झाले: हे तर मुंबईत आधीच झाले होते! म्हाताऱ्या चरणजितना परदेशांतून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते वारले. बेसवाल्याची जागा घ्यायला आलेले यंत्र इतक्या लवकर बोलके केले ते एका बेसवाल्यानेच, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण यंत्र पुढे सुधारले. संगणक आले, आणि नव्वदीच्या दशकात स्टुडिओंतील खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या. पन्नास जणांचे काम दोघे करू लागले. वादकांनी वाद्ये विकली किंवा पोटमाळ्यावर टाकली. मुले बँकेत, आखातात, विमान कंपन्यांत गेली. आमच्या हळदीच्या मांडवातला खर्जसुद्धा आता पुष्कळदा कळफलकाच्या पेटीतून निघतो. यात रडण्यासारखे काही नाही. काळ नेहमीच असा चालतो. खंत आहे ती वेगळी.

या वादकांच्या हकीकती मुंबईच्या स्टुडिओंत शोधायला ग्रेगरी बूथ नावाचे प्राध्यापक न्यूझीलंडहून आले. त्यांनी म्हाताऱ्या वादकांना एकेक करून गाठले, तासन् तास बोलते केले, आणि २००८ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. मुंबईच्या जॅझचा इतिहास नरेश फर्नांडिस यांनी २०१२ च्या सुमारास ग्रंथरूपाने दिला. ही दोन्ही इंग्रजी पुस्तके आली नसती, तर वरच्यातली कितीतरी नावे मला आज लिहिता आली नसती. आपण मराठी माणसे बखरींची, पोवाड्यांची. शिलेदारांच्या याद्या आपण जपल्या. पण ज्यांच्या गाण्यांवर आपली लग्ने लागली, त्यांच्या याद्या करायचे आपल्याला सुचले नाही.

आमच्या मिरा-भाईंदरात, उत्तन-डोंगरीकडे, पलीकडे वसईला, गोव्याच्या आणि ईस्ट इंडियन कुटुंबांची घरे आहेत. उत्तनकडच्या लग्नांत अजून पितळी वाद्यांचा बँड वाजतो. तशीच आगरी-कोळ्यांची बेंजोची पथके आहेत, भजनी मंडळे आहेत. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत पोटमाळ्यावरून एखादी ट्रंक खाली येईल. तिच्यात पिवळी पडलेली स्वरलिपीची पाने असतील, एखाद्या पथकाचे धुरकट छायाचित्र असेल. ते रद्दीत घालण्यापूर्वी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हाती द्यावे. छायाचित्राच्या मधल्या माणसाचे नाव सगळ्यांनाच ठाऊक असते. कडेला उभा आहे तो कोण, एवढे विचारावे. आणि जे नाव सांगितले जाईल, ते पेन्सिलीने मागे लिहून ठेवावे.